पुस्तकं नका घेऊ हवं तर, पण ती ट्रंक घ्या

गेले दोनेक महिने आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात जिथे चार वाचणारी माणसं भेटतात तिथे एकच विषय चाललाय. एक निवृत्त प्राध्यापक मागच्या वर्षी गेले, पाठोपाठ बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घरच्यांना आता तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत काढायची आहेत, म्हणून सरांची साडेतीन हजार पुस्तकं त्यांनी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊ केली आणि तिथून 'स्वीकारता येणार नाहीत' असं दोन ओळींचं पत्र आलं. तेव्हापासून तट पडलेत. एक बाजू म्हणते विद्यापीठांना ज्ञानाची किंमत उरली नाही, पोटाला चिमटा काढून जमवलेला संग्रह फुकट देतोय तरी यांना नको. दुसरी बाजू, यात तरुण पोरं जास्त, म्हणते की सगळ्याच्या पीडीएफ मिळतात, ठाण्यात जागेचा भाव काय चाललाय बघा, भावनेच्या भरात ग्रंथालयाचं गोडाऊन करू नका. दोन्हीकडे तावातावानं बोलतात. मी मात्र तीन-चार ठिकाणी एकच विचारलं, की सरांच्या वह्या कुठे आहेत? त्यांना आलेली पत्रं, व्याख्यानांची टिपणं, कात्रणं? दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. शेवटी घरच्यांपैकीच एकांनी सांगितलं, ते होय, ते घरगुती कागद, ते रद्दीवाल्याला द्यायला बांधून ठेवलेत.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. विद्यापीठानं पुस्तकं नाकारली यात मला चूक दिसत नाही, बहुतेक वेळा नाकारायलाच लागतात. पण वह्या, पत्रं, हस्तलिखितं, पत्रकं, हिशेब, समासात टिपा लिहिलेली पुस्तकं हे सगळं विद्यापीठानं घ्यायला हवं, कुणी देऊ केलं नाही तर मागून घ्यायला हवं. छापील पुस्तकाच्या हजार प्रती निघतात, त्यातली तुमच्या घरातली गेली तरी बाकीच्या कुठे ना कुठे असतात. वही एकच असते. आणि आपण सगळे भांडतोय ते पुस्तकांसाठी.

ग्रंथपालांची बाजू आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यांना शिव्या देणाऱ्यांनी हिशेब मांडलेला मला दिसला नाही. एका फुटात साधारण दहा-अकरा पुस्तकं बसतात, तीन फुटी, पाच खणांच्या रॅकमधे दीडशे-पावणेदोनशे, म्हणजे साडेतीन हजारांना वीस-बावीस रॅक लागतात आणि त्यांच्यामधून माणूस चालायला वाट ठेवायची ती वेगळी. मग प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक म्हणजे रजिस्टरातला नंबर, विषयाप्रमाणे वर्गांक, कॅटलॉगमधे नोंद, शिक्का, लेबल. एकाला पंधरा मिनिटं धरली तरी पावणेनऊशे तास होतात, म्हणजे एका माणसाचे पाच महिने, आणि कित्येक ग्रंथालयांत रिटायर झालेल्याची जागाच भरलेली नसते. वाळवी किंवा कसर लागलेलं एक खोकं तपासल्याशिवाय आत आलं तर शेजारची कपाटं जातात. बरं, घरोघरच्या संग्रहात असतं काय? त्याच गाजलेल्या कादंबऱ्या, तेच खंडांचे संच, त्याच स्पर्धापरीक्षांच्या जुन्या आवृत्त्या. त्यात देणाऱ्याची अट असते की बाबांच्या नावाचं वेगळं कपाट हवं आणि संग्रह फोडायचा नाही. अशानं इतिहासाचं पुस्तक शोधणाऱ्या मुलाला ते इतिहासाच्या रॅकवर सापडतच नाही, बाबांच्या कपाटात बंद राहतं. रंगनाथनांनी 1931 मधे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकाला तो नियम लागू होतच नाही.

यावर पलीकडून जो सगळ्यात जोरदार मुद्दा येतो तो मला मान्य आहे. आज जे फालतू वाटतं ते उद्या फालतू असेलच असं नाही आणि ठरवणारा ग्रंथपाल कोण? ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाकडे शेक्सपियरच्या नाटकांचा 1623 चा पहिला संग्रह होता, पुढे नवी आवृत्ती आली म्हणून त्यांनी जुना काढून टाकला आणि तीच प्रत 1906 मधे लोकांकडून वर्गणी काढून 3000 पौंडांना परत विकत घ्यावी लागली. आपल्याकडे ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 चं, ते जवळजवळ शतकभर विस्मरणात होतं, स. गं. मालशे यांनी 1975 मधे पुन्हा प्रकाशित केलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं की अशी बाई होऊन गेली. कुठेतरी एक प्रत टिकली म्हणून हे झालं. मग? सगळंच ठेवायचं? नाही. या उदाहरणांवरून मला एवढंच कळतं की नाही म्हणायच्या आधी यादी बघायला हवी. जे दुसऱ्या ग्रंथालयांत नाही ते घ्या, आहे ते सोडा. आमच्या सरांच्या वेळी यादी ना कुणी मागितली ना कुणी दिली. दोन ओळींच्या त्या पत्रातली चूक शोधायचीच असेल तर ती इथे आहे.

आता मी एवढ्या ठामपणे का बोलते ते सांगते. माझे मामा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते, युनियनचं काम करायचे, वाचायचे प्रचंड. 2003 मधे ते गेले. आम्ही मुलांनी मिळून त्यांची चौदाशे पुस्तकं एका कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली. शाल, श्रीफळ, फोटो, मामी रडल्या, सगळं नीट झालं. त्या पुस्तकांसोबत एक हिरवी पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, गेट मीटिंगच्या नोंदी, पगारकराराचे मसुदे, मामांच्या रोजनिश्या आणि गावोगावच्या कामगारांची पत्रं होती. ग्रंथालयातल्या बाई चांगल्या होत्या, झाकण उघडून त्यांनी चार कागद वरखाली केले आणि म्हणाल्या, याला दाखल क्रमांक कसा देणार हो, हे पुस्तक नाहीये ना. आम्हालाही ते पटलं. ट्रंक मामेभावाकडे कल्याणला गेली, तळमजल्यावर, पलंगाखाली. 26 जुलै 2005 ला घरात कमरेएवढं पाणी होतं, दोन दिवसांनी ट्रंक उघडली तेव्हा आत निळ्या शाईचा चिखल होता आणि पत्रकांचा एकच गोळा झालेला, पान वेगळं करायला गेलं की हातात लगदा यायचा.

काही वर्षांनी मी त्या कॉलेजात गेले होते. मामांची पुस्तकं छान ठेवलेली होती, एकेकाच्या मागची तारखांची चिठ्ठी बघत गेले, बहुतेक कोऱ्या. त्यातली जवळपास सगळी पुस्तकं ठाण्यातच दुसऱ्या ग्रंथालयांत मिळतात. जे कुठेही मिळू शकतं ते आम्ही समारंभ करून वाचवलं आणि जगात एकच असलेलं पलंगाखाली ढकललं. त्या बाईंना दोष देऊन काय होणार? त्यांच्या रजिस्टरात त्या कागदांसाठी रकानाच नव्हता आणि आमच्याही डोक्यात नव्हता.

तुम्ही म्हणाल फिटरच्या कागदांचं विद्यापीठ काय करणार, मोठ्या माणसांचे असतील तर गोष्ट वेगळी. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडातून दप्तरं काढत होते आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापत गेले, तेव्हा त्या कागदांच्या मालकांनाही ती रद्दीच वाटत होती ना? त्यातले कित्येक कागद रोजच्या व्यवहाराचे, हिशेबाचे, देण्याघेण्याचे. आज त्याला आपण साधनं म्हणतो. ना. गो. चापेकरांनी 1933 मधे बदलापूरवर 'आमचा गाव' लिहिलं तेही शेती, देवदेवस्की, खाणंपिणं, कर्ज असल्या बारीकसारीक गोष्टी गोळा करून. ठाणे जिल्ह्यातल्या एका गावाचा तेव्हाचा संसार त्यामुळे आज कळतो. मग 1960 नंतरच्या ठाण्याचं काय? वागळे इस्टेट आली, ठाणे-बेलापूर पट्टा आला, 1970 मधे सिडको आली, 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा आराखडा पडला, जानेवारी 1984 मधे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासईजवळ गोळीबार होऊन पाच जण गेले. याची सरकारी बाजू फायलींत असणारच, नोटिसा, मोबदल्याचे अवॉर्ड, नकाशे. ज्याची जमीन गेली त्याची बाजू कुठे आहे? ती घणसोली, कोपरखैरणे, उलवे, जासईच्या घरांत आहे, आजोबांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत, मोर्च्याच्या पत्रकाच्या मागे पेन्सिलनं लिहिलेल्या नावांत. ती घरं आणि चाळीही आता पाडून तिथे टॉवर बांधतायत. अजून वीस वर्षांनी कुणी पीएचडी करायला घेतली तर तिला फक्त नोटीस काढणाऱ्याचे कागद मिळतील, नोटीस घेणाऱ्याचे नाही, आणि इतिहास त्याच्यावरूनच लिहिला जाईल.

पीडीएफवाल्यांचाही मुद्दा सोडून देणार नाही. स्कॅन करणं चांगलंच आहे, करायलाच हवं. पण माझा अनुभव असा की घरी मोबाइलवर काढलेले चारशे फोटो म्हणजे चारशे फोटोच असतात, कुठलं पत्र कुणाचं, कुठल्या पाकिटातलं, कुठल्या वहीत ठेवलेलं हे सांगणारं कुणी नसेल तर त्यातून काही कळत नाही. जुने कागद जपणाऱ्या अभिलेखागारात म्हणूनच कागद ज्या क्रमानं सापडले तोच क्रम राखतात, तारीखवार नीट लावायच्या नादात तो मोडत नाहीत, कारण मामांनी एखादं पत्र पगारकरारात घालून ठेवलं असेल तर त्या ठेवण्यालाही अर्थ असतो. आणि डिजिटल म्हणजे कायमचं हेही खरं नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची साइट काही वर्षांपूर्वी बंद झाली, तिच्यावरची लाखो पुस्तकं आज दिसतात ती इंटरनेट आर्काइव्हवर वेळेत चढवून ठेवली गेली होती म्हणून. मूळ कागद हाताशी असला तर पुन्हा स्कॅन करता येतो. तो टाकून दिला तर मग काहीच नाही.

घरच्यांची भीती मला यापेक्षा खरी वाटते. पत्रांत भांडणं असतात, आजारपणं असतात, कुणी कुणाकडून पैसे घेतलेले असतात, कुणाच्या लग्नाबद्दल काहीबाही लिहिलेलं असतं. ते लोकांनी का वाचावं? बरोबर आहे. त्यासाठी रीत आहे, दानपत्रात लिहायचं की हे पाकीट 25 वर्षं उघडायचं नाही, किंवा अमुक माणूस हयात असेपर्यंत नाही. कॉपीराइटचाही घोळ असतो. तुम्हाला आलेल्या पत्राचा कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा, म्हणजे पत्र ग्रंथालयाला देता येतं पण ते छापायची परवानगी तुम्ही देऊ शकत नाही. हेही दानपत्रात एका वाक्यात लिहून होतं. अडचण आहे म्हणून फाडून टाकणं हा उपाय कसा काय झाला?

आणि दानपत्र म्हणजे कागदी सोपस्कार असं समजू नका. डॉ. आंबेडकर डिसेंबर 1956 मधे गेले, त्यांचं कितीतरी अप्रकाशित लिखाण पेट्यांत होतं. त्या पेट्या दिल्लीला कोर्टाच्या ताब्यात, मग महाराष्ट्राच्या महाप्रशासकांकडे (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरल), असा प्रवास करत राहिल्या. 1976 मधे राज्य सरकारनं समिती नेमली आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड 1979 मधे आला. बावीस वर्षं! घटनाकारांच्या कागदांची ही गत, तर तुमच्या-माझ्या घरातल्या कागदांना कोण विचारणार? माणूस हयात असताना, डोकं शाबूत असताना, काय कुणाला द्यायचं, कधी उघडायचं, हक्क कुणाचा हे लिहून ठेवलं तर वारसांना भांडायला जागा राहत नाही आणि ग्रंथालयालाही नंतर हात झटकता येत नाहीत. रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह दिला तेव्हा त्याला सांभाळणारी संस्था उभी होती, 1917 मधे पुण्यात त्यांच्या नावानं सुरू झालेली. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह गोवा विद्यापीठात आहे आणि गोव्याचा इतिहास करणारा माणूस तिथे जातोच. दान देणाऱ्याइतकाच घेणारा तयार असावा लागतो.

विद्यापीठच का, ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे की, असंही मला विचारलं गेलं. आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी 1893 मधे ते काढलं तेव्हा मराठी पुस्तकं एका जागी जमवावीत हाच विचार नवीन होता. पण सार्वजनिक ग्रंथालयाला वर्गणीदार वाचक सांभाळायचा असतो, त्याला नवी कादंबरी वेळेवर हवी असते, आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेवर अजून एक ओझं टाकणं बरोबर नाही. विद्यापीठाकडे इतिहास, समाजशास्त्र, मराठी यांचे विभाग असतात, एमएची मुलं असतात, त्यांना प्रोजेक्ट लागतात. एका ट्रंकेची सूची करणं हा दोन मुलांचा एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट का होऊ नये? मुंबई विद्यापीठाचं ठाणे उपकेंद्र बाळकुमला आहे, ठाणे आणि नवी मुंबईच्या घराघरांतल्या कागदांसाठी तिथे एक खोली मागायला काय हरकत आहे? चौदाशे पुस्तकांना आठ-नऊ रॅक लागले, मामांच्या ट्रंकेला एक खण पुरला असता.

फक्त फुकट मागू नका. पेट्या, आम्ल नसलेले फोल्डर, पावसाळ्यात खाडीकडची ओल, एक माणूस, याला पैसे लागतात. वडिलांच्या नावाच्या कपाटाला आणि समारंभाला आपण पंचवीस-तीस हजार सहज खर्च करतो, तेच कागदांच्या सूचीसाठी द्यावेत. आणि द्यायच्या आधी घरी थोडं काम करा, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, गंजलेल्या टाचण्या अलगद काढा, फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, ज्यांना ओळखणारं घरात शेवटचं माणूस आहे त्यांची आधी. आमच्या सरांच्या घरी मी परवा जाऊन आले, रद्दीच्या गठ्ठ्यांवरच्या सुतळ्या सोडल्या. वह्या सेहेचाळीस निघाल्या. यादी करायला घेतली आहे, त्याच ग्रंथालयाला पाठवणार आहोत, यावेळी पुस्तकांचा उल्लेखही न करता.

मामांच्या कागदांतली एक वही त्या पाण्यातून बचावली हे मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. मामींनी ती ट्रंकेत जाऊच दिली नव्हती, मागची पानं कोरी होती म्हणून त्यात दुधाचा हिशेब लिहायच्या. पुढच्या पानांवर संपाच्या वेळच्या मदतनिधीची यादी आहे, मामांच्या अक्षरात, नाव, गाव, रक्कम, सही. बहुतेकांसमोर दोन रुपये, पाच रुपये, काही ठिकाणी सहीच्या जागी अंगठा. अकराव्या पानावर घणसोलीचं एक नाव आहे, त्याच्यापुढे रकमेच्या रकान्यात रुपये नाहीत, 'तांदूळ पायली 2' असं लिहिलंय आणि बाजूला निळा अंगठा. म्हणजे या माणसाकडे तेव्हा अजून भातशेती होती, किंवा निदान मागल्या पिकाचा तांदूळ घरात होता, आणि तो कारखान्यातही जात होता. मी हे वाचून मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, सायकलवर पोतडी बांधून आला होता, नाव नाही आठवत. त्या आडनावाची तीन घरं घणसोलीत अजून आहेत असं कळलंय. येत्या रविवारी मामेभावाला घेऊन जाते, अंगठा कुणाचा ते विचारून पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहिते, आणि मग वही चिठ्ठीसकट द्यायची, दुधाच्या हिशेबाची पानं न फाडता.